टीएचसी चांगली, क्लिप भिकार: वॉटर टेबलवरच्या प्लाझ्माचा वापरानंतरचा अनुभव

परवा सर्व्हिसवाल्यानं फोनवर परत तेच सांगितलं, "साहेब, सेन्सिटिव्हिटी कमी करून बघा." म्हणून हे लिहितोय. मशीन नेहमीचंच आहे: १५०० बाय ३००० एमएमचं वॉटर टेबल (खाली पाणी भरलेलं कटिंग टेबल), लोखंडी प्लेट कापणारा ६५ अँपियरचा एअर प्लाझ्मा आणि आर्क व्होल्टेजवरून टॉर्चची उंची सांभाळणारी टीएचसी, म्हणजे टॉर्च हाइट कंट्रोल. शेड शिरोली एमआयडीसीत. काम बहुतेक उसाच्या ट्रॉलीचं, म्हणजे ६ आणि ८ एमएमचे गसेट (जोडाला आधार देणारे तुकडे), ब्रॅकेट आणि अधूनमधून २ एमएमचा पत्रा. गळीत हंगाम तोंडावर आला की सगळ्यांच्या ट्रॉल्या एकदमच येतात. तेव्हा मशीन बंद पडलं की गिऱ्हाईक सरळ शेजारच्या शेडमध्ये.

तक्रार अशी की टॉर्च मध्येच खाली बसायचा, प्लेटला घासायचा आणि नोझलचं भोक वाकडं व्हायचं. कधी उलटं: पियर्सिंगलाच, म्हणजे कट सुरू करायला भोक पाडतानाच, इतका वर थांबायचा की आर्क प्लेटवर उतरायचाच नाही, नुसती फुरफुर. डीलरचा माणूस व्हिजिट चार्ज घेऊन आला, स्क्रीनवर चार आकडे बदलले, एक गसेट कापून दाखवला आणि गेला. संध्याकाळी पुन्हा तेच.

हे दोन वेगळे आजार आहेत, हे डीलरनं कधी सांगितलं नाही. टीएचसी बंद करून ठरलेल्या उंचीवर एक सरळ कट मारून बघा. कट नीट आला तर गडबड व्होल्टेजच्या बाजूला आहे. सुरुवातच चुकत असेल तर टॉर्च प्लेटला टेकवून शून्य घेण्यात, म्हणजे उंची जिथून मोजायची ती जागा ठरवण्यात, गडबड आहे, आणि तिथे सेन्सिटिव्हिटी कितीही फिरवली तरी काही होणार नाही.

आधी व्होल्टेजचं सांगतो, कारण ते लवकर सुटलं. इन्स्टॉलेशनवाल्यानं अर्थ क्लॅम्प टेबलाच्या फ्रेमला लावून दिला होता. प्लेट आणि फ्रेमच्या मध्ये स्लॅट (प्लेट ज्यांवर ठेवतात त्या उभ्या पट्ट्या), स्लॅटवर मळी, म्हणजे कापताना वितळून पडलेला धातू, आणि गंज. प्लेटपासून परत येताना तिथे जे व्होल्टेज पडतं ते मोजमापात आर्कच्या नावावर जमा होतं. टीएचसीला वाटतं टॉर्च वर गेलाय, मग ती त्याला खाली दाबते. क्लॅम्प थेट प्लेटवर, ग्राइंडर मारून चकचकीत केलेल्या जागी लावला आणि निम्मी भांडणं मिटली. राहिले कोपरे: मशीन वळताना स्पीड पडतो, कट रुंद होतो, व्होल्टेज चढतं आणि टॉर्च खाली येतो. स्पीड ठरल्यापेक्षा पडला की टीएचसी गोठवण्याची सेटिंग कंट्रोलरमध्ये होतीच, फक्त बंद होती.

आता शून्य घेणारी क्लिप. टॉर्चच्या पुढच्या शील्डला या क्लिपनं वायर जोडून, शील्ड प्लेटला टेकली की सर्किट पूर्ण, असा हा ओह्मिक प्रकार. कोरड्या टेबलावर झकास चालतो. पण इथे खाली पाणी. प्रत्येक पियर्सला शिंतोडे उडतात, शील्डच्या टोकाला थेंब लटकतो आणि तो थेंब प्लेटला लागला की कंट्रोलर समजतो टेकलं. मग ३.८ एमएमचा पियर्स हाइट कागदावर, प्रत्यक्षात टॉर्च त्याहून वर. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, म्हणून ते वीज आणखी चांगली वाहून नेतं. आणि ती क्लिप! साधी मगरीच्या तोंडाची, स्प्रिंग ढिली, गरम मळी बसून काळी पडलेली. तिचा संपर्क तुटला की उलटी गत: टॉर्च टेकलाय हे कळतच नाही, लिमिट स्विच दबेपर्यंत तो खाली रेटत राहतो. २ एमएमचा पत्रा दोन स्लॅटच्या मध्ये वाकतो, शून्य खोटं लागतं आणि टॉर्च उचलला की पत्राही मागोमाग वर येतो. लाखांच्या मशीनवर ही क्लिप, आणि स्पेअर मागितली तर म्हणे "किट म्हणूनच मिळते". मी वायरच्या टोकाला तांब्याची लग (बोल्टचं भोक असलेलं टोक) क्रिम्प करून शील्ड धरणाऱ्या रिंगला बोल्टनं कसली. खर्च चहा-भज्याइतका.

थेंबाचा इलाज वेगळा. टेकण्याआधी सेकंदभर हवा सोडून शील्ड कोरडी करून घ्यायची, पाणी प्लेटच्या खाली चार-पाच सेंटिमीटर उतरवायचं, आणि जमलं तर डीएम पाणी (क्षार काढलेलं) गंजरोधक घालून वापरायचं. पाणी उतरवलं की धूर वाढतो, ऑपरेटर कुरकुरतो, त्याचं चूक नाही. मास्क आणि एक्झॉस्ट फॅन दिलाय. आणि हो, ॲल्युमिनियम कापणार असाल तर जपून. पाण्यात पडलेल्या त्याच्या मळीतून हायड्रोजन सुटतो आणि पत्र्याखाली साठतो.

दोन महिन्यांपूर्वी कुणी विचारलं असतं तर घेऊ नका म्हणालो असतो. आता तसं म्हणणार नाही. व्होल्टेज हातानं न टाकता पियर्सनंतर, आर्क स्थिरावल्यावर, योग्य उंचीवरचं व्होल्टेज स्वतः टिपून तेच धरायचं, असा एक मोड यात आहे. इलेक्ट्रोडच्या टोकातलं हाफनियम (आर्क जिथून निघतो तो धातू) झिजून खड्डा खोल झाला की त्याच उंचीवर व्होल्टेज वाढतं. ठरावीक आकडा टाकलेला असेल तर टॉर्च हळूहळू प्लेटकडे सरकतो. या मोडमध्ये ती कटकट नाही. जुन्या इलेक्ट्रोडवरही धार चौकोनी येते, कंझ्युमेबलचं (नोझल, इलेक्ट्रोड असे झिजणारे भाग) बिल खरंच उतरलं. पण मोड जी उंची बरोबर समजतो ती त्याला क्लिपनंच सांगितलेली असते. क्लिप खोटं बोलली की तो खोटेपणा पूर्ण कटभर धरून बसतो. मॅन्युअलमध्ये या मोडवर चार पानं आहेत, क्लिपवर एक ओळ.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी हाही टीएचसीचाच दोष वाटतो. आर्क लटपटतो, व्होल्टेज नाचतं. ड्रायर नसेल तर आधी तो घ्या, मग कंट्रोलरला शिव्या द्या.

मशीन ठेवतोय. एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) कागद टेबलावर पडून आहे. त्यात "टच सेन्सिंग ॲक्सेसरी वगळून", म्हणजे हीच क्लिप वगळून, असं बारीक अक्षरात छापलंय, ते वाक्य काढल्याशिवाय सही करणार नाही असं डीलरला कळवलंय.