ऑडिशनला सिंधू की रेवती?

नाट्यशाखेच्या प्रवेशासाठी जुन्या संगीत नाटकातला उतारा निवडायचा म्हटलं की हात आधी ‘एकच प्याला’कडे जातो. माझाही गेला होता. दळणाला बसलेली सिंधू घेतली, पहिल्याच वाक्याला गळा दाटून आणला आणि पुढे चढायला पायरीच उरली नाही. परीक्षकांनी मधेच थांबवून एवढंच विचारलं, “वैरण कुठल्या हाताने घालतेयस?” वैरण म्हणजे जात्यात मुठीने घालायचं धान्य; माझे दोन्ही हात जात्याच्या खुंट्यावर होते.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी ‘संशयकल्लोळ’मधली रेवती वाचायला सांगते.

सिंधूची अडचण अशी की तिचं दुःख अंकाअंकाने साचत जातं. श्रीमंत माहेर, वकील नवरा, त्याची गेलेली सनद, तळीरामाने हातात दिलेला दारूचा पेला हे सगळं प्रेक्षकाने पाहिलेलं असतं, म्हणून तिच्या साध्या बोलण्यानेही तो हलतो. तुमच्या तीन मिनिटांमागे यातलं काहीच नसतं. मग उरतं ते रडणं, आणि रडणारी सिंधू परीक्षकांनी सकाळपासून दोन-तीनदा पाहिलेली असते. त्यात नाटककार राम गणेश गडकऱ्यांचं गद्य. वाक्य सुरू झालं की उपमेवर उपमा चढत जाते, आणि श्वास कुठे घ्यायचा हे पेन्सिलीने खुणा करून ठरवलं नाही तर क्रियापदापर्यंत दम पुरत नाही.

तिची बाजूही आहे. सिंधूला लांब भाषणं आहेत, त्यामुळे एकटीने उभं राहता येतं. आवाजाचा पल्ला आणि उच्चार दाखवायचे असतील तर यापेक्षा चांगलं साहित्य सापडणं कठीण. घ्यायचाच तर शेवटचा भाग घ्या, नवऱ्याला वाचवायला ती पोलिसांसमोर खोटं सांगते तो. तिथे सिंधूला काहीतरी लपवायचंय, आणि लपवणं करता येतं. नुसतं सोसणं करता येत नाही.

रेवतीला पहिल्या वाक्यापासून काहीतरी हवं असतं. नायकिणीची मुलगी, अश्विनशेठवर जीव, आणि शेठ संशयी. रस्त्यात तिला भोवळ येते, वाटेतला फाल्गुनराव सावरतो, तिच्या हातातली अश्विनशेठची तसबीर पडते आणि तिथून सगळा घोटाळा. हे दोन वाक्यांत सांगून थेट भांडणात शिरता येतं. नाटककार गो. ब. देवलांची वाक्यं छोटी, आजही तोंडात बसणारी. राग, लाडीगोडी, टोमणा सगळं एका पानात मिळतं.

पण रेवती एकटीने होत नाही. तिचं अर्धं काम ऐकण्याचं आहे. समोर कुणी नसेल तर रिकाम्या खुर्चीकडे बघून टोमणे मारणं फार केविलवाणं दिसतं. मैत्रीण न्यायची परवानगी आहे का, ते आधीच विचारून घ्या. नसेल तर अश्विनशेठची उंची ठरवून भिंतीवर खूण करा आणि त्याची वाक्यं मनात पूर्ण म्हणा. घाई करून ती गाळलीत की विनोद पडलाच.

‘मानापमान’ची भामिनी झकास आहे, श्रीमंतीचा तोरा आणि पुढे वनमालेचं सोंग, पण पदांशिवाय ती निम्मी होते. देवलांच्याच ‘शारदा’ नाटकातली शारदा मात्र पंचविशीच्या मुलीने टाळावी. पाऊणशे वयाच्या नवऱ्यापुढे उभं केलेलं पोर बाईसारखं दिसलं की नाटकच कोसळतं.

पद म्हणावं का? सुरात असाल तर दोन ओळी, पेटीशिवाय. जुन्या रेकॉर्डी ऐकून लकबी मात्र उचलू नका. या चारही भूमिका बालगंधर्वांनी गाजवल्या. १९१६ साली रेवती, १९१९ साली सिंधू. त्यांची नक्कल करणारी मुलगी म्हणजे पुरुषाने केलेल्या बाईची बाईने केलेली नक्कल, आणि ते परीक्षकाला दारातून आत येतानाच कळतं.

नऊवारी मात्र सिंधू-रेवती दोघींना लागते. आठ दिवस घरात नेसून वावरा, नाहीतर सगळं लक्ष काष्ट्यात अडकतं.

एवढं ऐकूनही सिंधूच हवी असेल, आणि ज्वारी-बाजरी दळतानाचीच, तर गावाकडे कुणाच्या पडवीत जातं असेल तिथे जा. शेरभर ज्वारी दळा. एक हात खुंट्यावर, दुसऱ्याने वैरण. दुसऱ्या दिवशी खांदा नेमका कुठे दुखतो तेवढं लक्षात ठेवा.