फोंड्याचा एक छापखाना: पक्ष नसलेल्यांनी इथे जावे

गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारात जिन्याखाली एक लहानसा छापखाना आहे. आमच्या बचत गटाच्या लोणच्याची लेबले इथलीच. गृहआधारचे (गृहिणींना दरमहा पैसे देणारी सरकारी योजना) अर्ज भरून देता देता वाड्यावरच्या बायकांनी मला पंचायतीला उभे केले, तेव्हाची पत्रकेही इथेच छापली. पंचायतीला पक्षाची निशाणी नसते, त्यामुळे ते निभावले. विधानसभेला अपक्ष उभी राहिले तेव्हा मात्र या छापखान्याच्या शेटची खरी किंमत कळली.

२०२२ साली अर्ज मागे घेण्याची मुदत ३१ जानेवारीला संपली आणि मतदान १४ फेब्रुवारीला. अपक्षाला निशाणी मिळते ती माघारीनंतर. पक्षवाल्यांची पत्रके कधीच घरोघर पोचली होती. माझ्या पत्रकावर निशाणीच्या जागी पांढरा चौकोन. त्यात कोविडमुळे मोठ्या सभा बंद, घरोघर जायलाही सुरुवातीला पाचच माणसे. सगळी भिस्त कागदावर. शेटने फोटो, मजकूर लावून ठेवला होता. "बाय, निशाणी येवंदी, मागीर रातभर मशीन चलयतां." प्रेशर कुकर मिळाला. सकाळी गठ्ठे बांधून तयार! पहिल्या प्रुफात कुकरचा दांडा पुसट आला होता आणि चित्र डब्यासारखे दिसत होते. ते त्याने मी सांगण्याआधीच सुधारले.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्रकाशकाने सही केलेले, ओळखीच्या दोघांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र दोन प्रतींत हातात पडेपर्यंत शेट मशीन सुरू करत नाही. एक प्रत पत्रकासह मडगावला जिल्हाधिकाऱ्यांकडे तोच पाठवतो. आधी एका ठिकाणी विचारले, तर "कशाला ती भानगड?" म्हणाले. भानगड त्यांची नव्हे, माझी झाली असती.

बिलही चोख: प्रती किती, कागद कुठला, तारीख कोणती. २८ लाखांची खर्चमर्यादा आमच्यासारख्यांना काय करायची आहे म्हणा! पण खर्चाची वही निरीक्षकासमोर ठेवावीच लागते, आणि दहा हजारांच्या वर रोखीने देता येत नाही. शेटने चेक घेतला, कुरकुर नाही. माझी अनामत रक्कम गेली, त्याचा दोष मात्र छपाईला देऊ नये.

उणेही सांगते. रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीतला मजकूर दिलात तर प्रुफ स्वतः वाचा, किंवा चर्चजवळच्या कुणाला दाखवा. तिथे अक्षरे हमखास इकडची तिकडे होतात. गाडी लावायला जागा नाही. आणि चतुर्थीच्या तोंडावर चुकूनही जाऊ नका, मंडळांच्या लॉटरीच्या कुपनांतून शेट मान वर काढत नाही.