स्लो ज्यूसर आठ महिने वापरल्यावर: रस छान, चाळणीचा जाच

चौघांच्या घरात रोज सकाळी एकदा चालणाऱ्या उभ्या स्लो ज्यूसरचा हा अनुभव. मोटर २०० वॅटची, स्क्रूचे फेरे मिनिटाला ५०च्या आसपास. मिक्सरच्या ज्यूसर भांड्यात पातं हजारो फेऱ्यांनी फिरतं, त्यामुळे फेस फार आणि चोथा ओला. इथे स्क्रू फळ चाळणीवर दाबून पिळतो, म्हणून चोथा बराच कोरडा निघतो. किलोभर मोसंबीतून साधारण ४०० मिली रस मिळतो.

पण रस किती आणि कसा निघणार, हे यंत्राइतकंच विळीवरही ठरतं. गाजर बोटाएवढं जाड कापावं, बीट त्याहून बारीक. आल्याचे आडवे पातळ काप करावेत, म्हणजे तंतू तुटतात. पालक-पुदिना अख्खा टाकला की देठांचे धागे स्क्रूला गुंडाळले जातात. दोन-दोन इंच कापून काकडीच्या फोडींबरोबर थोडा थोडा सोडावा. क्रमही ठरलेला: आधी रसाळ, मग पानं, शेवटी गाजर. ते आतला चोथा पुढे ढकलतं. घाईने कोंबलं की स्क्रू अडतो. तेव्हा आधी बंद, मग तीन-चार सेकंद उलटं बटण, मग पुन्हा सरळ. दांड्याने जोर लावू नये.

आंबा, केळं, चिकू यात घालूच नयेत. त्यांचा रस नव्हे, लगदा होतो. त्याला मिक्सरच बरा. आवळ्याची बी काढलेली हवी. मोसंबीचा पांढरा भाग आणि बिया काढल्या तरी रस ठेवला की कडवटतो, कारण त्यात हळूहळू लिमोनिन हे कडू द्रव्य तयार होतं. तो काढल्या काढल्या प्यावा. सफरचंदाचा रस काळा पडू नये म्हणून लिंबू पिळावं.

दुधीबद्दल मात्र चालढकल नको. कापल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकावा, आलं-लिंबू घालून कडूपणा झाकू नये. त्यातल्या कुकरबिटासिन या कडू द्रव्याने विषबाधा होते. रस प्यायल्यावर उलट्या, पोटदुखी सुरू झाली तर थेट दवाखाना.

रोजचं प्रमाण: गाजर ५०० ग्रॅम, सफरचंदं २, बीट अर्धं, आलं १ इंच, लिंबू १. सुमारे साडेचारशे मिली निघतो, माणशी छोटा पेला. याहून मोठा पेला करण्यात फायदा नाही. चोथ्याबरोबर बराचसा तंतू जातो, साखर रसात राहते. जागतिक आरोग्य संघटनाही फळांच्या रसातली साखर कमी ठेवायच्या साखरेतच मोजते. वर्षाखालच्या बाळाला रस देऊ नये. मधुमेह असलेल्यांनी रसाऐवजी फळ खावं. मुतखडा झालेल्यांनी पालक-बीट डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. बीटनंतर लघवी लालसर दिसली तर घाबरायचं कारण नाही.

आता खरी कटकट. चाळणी लगेच धुतली तर पाच मिनिटांचं काम, तासभर वाळली तर पंधरा. बाहेरून पाण्याची धार सोडून ब्रश मारावा, म्हणजे भोकांतला चोथा आत सुटतो. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं होतं. गाजराचा केशरी डाग साबणाने जात नाही. आधी खाद्यतेलाचं बोट फिरवून मग साबण. चाळणीवर पांढरा थर बसला तर लिंबूफूल घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी. धुणं लगेच व्हावं म्हणून कामं आधीच वाटून घ्यावीत: कापणारा एक, घालणारा एक, धुणारा तिथेच उभा. धुणं दुपारवर गेलं की आठवड्याभरात यंत्र माळ्यावर जातं.

चोथा थालीपिठात घालावा. वाटीभर चोथ्याला दोन वाट्या भाजणी. तंतू जास्त असल्याने पाणी जरा सढळ हाताने.

चोथा बाहेर पडतो त्या तोंडाखालचं सिलिकॉनचं बूच रोज उघडून धुवावं, वास तिथूनच येतो. आठव्या महिन्यात पहिलं सैल झालं ते तेच, तेव्हा यंत्र घेण्याआधी ते सुटं मिळतं का, विचारून घ्यावं.