गॅलरीच्या रेलिंगला कोणती काच: टफन, हीट-सोक की लॅमिनेटेड?

गोव्यात दोना पावलाकडे वरच्या मजल्यावरच्या गॅलरीला काचेचं रेलिंग लावायचं म्हटलं की फॅब्रिकेटर तीन दर सांगतो: साधी टफन, हीट-सोक केलेली टफन आणि लॅमिनेटेड. दर ऐकून बहुतेकांचं बोट पहिलीवर जातं. ते कुठे चालेल आणि कुठे नाही, हे बरंचसं ठरतं काचेत अडकलेल्या निकेल सल्फाइडच्या बारीकशा खड्यावर.

काच बनते तेव्हा भट्टीत स्टेनलेस स्टीलचा कपचा पडला, त्यातल्या निकेलला कच्च्या मालातला किंवा इंधनातला गंधक भेटला, की हा खडा तयार होतो. आकार मिलिमीटरच्या अंशाएवढा. 379 अंश सेल्सिअसच्या वर त्याची स्फटिकरचना षट्कोनी असते. त्याखाली तो रॉम्बोहेड्रल रूप घेतो. निसर्गात सापडणारं मिलराइट हे खनिज ते हेच. रूप बदलताना तो 2 ते 4 टक्के फुगतो.

साधी काच सावकाश निवते, त्यामुळे हा बदल कारखान्यातच उरकतो. टफन काच मात्र सुमारे 620 अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. खड्याला रूप बदलायला सवडच मिळत नाही, गरम रूप तसंच अडकून राहतं. मग घरच्या तापमानाला तो महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं फुगत राहतो. टफन काचेच्या पोटात कायम ताण असतो. खडा नेमका तिथे असला तर एका दुपारी, कुणी हात न लावता, अख्खी काच भुगा होऊन खाली येते. मेलबर्नच्या आयसीआय हाउस या उंच इमारतीच्या काचा अशाच फुटल्या. तिथला दोष या खड्याचा असल्याचं 1961 मध्ये ऑस्ट्रेलियातले संशोधक बॅलंटाइन यांनी दाखवलं.

हीट-सोकमध्ये टफन झालेली काच पुन्हा भट्टीत घालून काही तास तापवतात. युरोपीय मानकात पूर्वी 290 अंश होते, 2016 पासून 260. हे तापमान 379 च्या खाली हवं, नाहीतर खडा बदलणारच नाही; आणि पुरेसं चढं हवं, म्हणजे बदल भरभर होईल. सदोष काच भट्टीतच फुटते. तरी शंभर टक्के हमी नाही: हीट-सोक केलेल्या 400 टन काचेमागे एखादी काच तरीही फुटेल, असं ते मानक धरून चालतं. 12 मिमी काचेत हिशोब केला तर साधारण 13,000 चौरस मीटरमागे एक. घरमालकाला एवढं पुरे.

लॅमिनेटेड म्हणजे मधल्या प्लास्टिकच्या थराने चिकटवलेल्या दोन काचा. तिचा मुद्दा वेगळा. ती फुटू नये म्हणून नव्हे, फुटली तरी खाली पडू नये म्हणून घ्यायची. खाली रस्ता, पार्किंग किंवा मुलांची खेळायची जागा असेल तर मी दुसरा विचार करणार नाही. फक्त दोन्ही काचा टफन असल्या आणि दोन्ही फुटल्या, तर काच ओल्या चादरीसारखी लोंबते. त्यातली एक हीट-स्ट्रेंग्थन्ड, म्हणजे टफनपेक्षा कमी ताण दिलेली, घेतली तर तिचे तुकडे मोठे पडतात आणि ती बरीच उभी राहते.

गोव्यात लॅमिनेटेडचं दुखणं म्हणजे उघडी कड. पावसाळ्यात काचांमधला पीव्हीबी या नेहमीच्या प्लास्टिकचा थर कडेकडून ओल पितो आणि दुधी होतो. समुद्रासमोर एसजीपी या जास्त कडक प्लास्टिकचा थर मागा, महाग असला तरी. नाहीतर निदान वरच्या कडेला चॅनेल बसवा आणि खालच्या चॅनेलमध्ये पाणी साचू देऊ नका.

तळमजल्यावरच्या बाल्कांवला (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीला) किंवा आतल्या जिन्याला साधी टफन खुशाल लावा. बाथरूमच्या पार्टिशनला हीट-सोक बरी, तिथे माणूस उघड्या अंगाने उभा असतो.

ऑर्डर देताना हीट-सोकच्या भट्टीचा तापमानाचा आलेख मागून घ्या. नुसता शिक्का पुरावा नव्हे. आणि काच फुटलीच, तर झाडून टाकण्याआधी फुटीचा उगम शोधा. लगटून असलेले, इतरांपेक्षा मोठे दोन बहुकोनी तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे दिसले आणि त्यांच्या सामाईक कडेवर काळसर ठिपका असला, तर संशय खड्यावर. भेगा काठावर उडालेल्या टवक्यापासून निघाल्या असतील, तर दोष बहुधा हाताळणाऱ्याचा किंवा बसवणाऱ्याचा. दोन्ही वेळा फोटो काढा आणि ते दोन तुकडे जपून ठेवा, कारण भरपाई कोणाकडून मागायची ते त्यांवरूनच ठरेल.