थर्मोस्टॅट परत बसवला, पेट्रोल साधंच ठेवलं: सात-आठ महिन्यांचा अनुभव

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड. घेतल्यापासनं ॲव्हरेज १३ च्या घरात आणि सकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावरनं शिरोली एमआयडीसीपर्यंत गेलं तरी टेंपरेचरचा काटा खालीच, हीटर लावला तर कोमट हवा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून बघितलं तर कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं थंडाव्याचं पाणी, ६५ डिग्रीच्या वर जाईना. उद्यमनगरात थर्मोस्टॅटचं हाऊसिंग खोललं, आत थर्मोस्टॅटच नाही! (इंजिन पुरतं गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारा हा व्हॉल्व्ह.) आधी कुणीतरी "गाडी तापायला नको" म्हणून काढून टाकलेला.

हे आपल्याकडं लई चालतंय आणि मला मनापासनं राग येतो त्याचा. इंजिन थंड दिसलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल जादा सोडत राहतो, ते सगळं जळत नाही, सिलिंडरवरचं ऑईल धुऊन खाली ऑईलमध्ये उतरतं आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. गाडी तापत असेल तर रेडिएटर, फॅन, वॉटर पंप बघा की, थर्मोस्टॅटचा काय दोष त्यात?

मेकॅनिक म्हणाला आपल्या हवेला कमी डिग्रीला उघडणारा टाकूया. मी ऐकलं नाही, कंपनीनं सांगितलेला ८२ चाच आणला. बसवायच्या आधी घरी तपासला: व्हॉल्व्हच्या फटीत दोरा अडकवून पातेल्यातल्या पाण्यात टांगला, सोबत थर्मामीटर, खाली गॅस बारीक. ८२-८३ ला आतलं मेण फुगून व्हॉल्व्ह उचलला आणि दोरा सुटून थर्मोस्टॅट टपकन खाली. बसवताना त्यातली छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवायची, अडकलेली हवा तिथनं निघते.

आता चार-पाच किलोमीटरात ८० गाठतंय, रत्नागिरीवरनं येताना आंबा घाट एसी लावून चढलो तरी ९५ च्या आत. ॲव्हरेज १६ च्या आसपास.

पेट्रोलचं म्हणाल तर ९५ ऑक्टेनचं महागडं काही टाक्या घालून बघितलं, काही फरक नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणारी टकटक) न होता दाब सोसायची क्षमता. मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलंय आणि नॉकिंग नसेल तर जादा पैसे कशाला. १०० ऑक्टेन हाय कॉम्प्रेशन, टर्बोवाल्यांसाठी ठीक. खरा विचार ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा करा. इथेनॉल आपल्या उसापासनंही बनतं, आनंद आहे, पण त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळं ॲव्हरेज थोडं उतरणारच. २०२३ च्या आधीची गाडी असेल तर फ्युएलचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसिंगला बघून घ्या, माझा एक पाइप फुगलेला निघाला, बदलला. थर्मोस्टॅट गॅस्केटसकट हजाराच्या आत बसला. कूलंट मात्र डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं, नळाचं पाणी नको.