सहा महिने इंक टँक प्रिंटर: प्रश्न 37 ते 40 मधली गायब रेष

जूनमध्ये प्रिंटर घेतला तो एकाच कामासाठी. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरची पाचवीची नऊ मुलं माझ्याकडे नवोदय विद्यालयाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायला येतात. दर रविवारी त्यांच्याकडून घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवून घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. 12 पानांचा पेपर, नऊ मुलं, म्हणजे 108 पानं. साखळी शहरात जाऊन झेरॉक्सचे मी पानाला 2 रुपये देत होते. आठवड्याला 216 रुपये, शिवाय बसभाडं आणि अर्धा दिवस. मुलांकडून मी महिन्याला 200 रुपयेच घेते, त्यात हे बसत नव्हतं.

वेग, वायफाय, स्कॅनर यांबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे आणि माझी त्यात तक्रारही नाही. शाई खरंच पुरते. काळ्या शाईची दुसरी बाटली मी ऑक्टोबरात उघडली. पहिले अडीच महिने मी भेटेल त्याला हाच प्रिंटर घ्या म्हणून सांगत होते.

मग चवथ, म्हणजे आमच्याकडचा गणपतीचा सण, आली. बारा दिवस प्रिंटर बंद होता. त्यानंतर छापलेल्या पेपरांत अक्षरं नीट दिसत होती, म्हणून मी निर्धास्त होते. इथेच चुकलं.

या परीक्षेत 80 प्रश्न, 100 गुण आणि 2 तास. त्यातले 40 प्रश्न नुसत्या आकृत्यांचे आणि त्यांना 50 गुण, म्हणजे निम्मी परीक्षा. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद असे दहा प्रकार, प्रत्येकी चार प्रश्न. शेवटचा प्रकार दडलेल्या आकृतीचा. मी रचलेल्या पेपरांत तो 37 ते 40 वर येतो. डावीकडची छोटी आकृती उजवीकडच्या कुठल्या आकृतीत लपली आहे ते शोधायचं. तिथे शब्द नसतात, रेषाच सगळं सांगतात.

माझ्याकडची एक मुलगी या प्रकारात कधी चुकत नसे. सप्टेंबरात सलग तीन रविवार तिचे 38 आणि 39 चुकले. मला वाटलं, घाई करते. तिला थांबवून मी त्याच धर्तीच्या वीस आकृत्या फळ्यावर काढल्या, तिने सगळ्या बरोबर ओळखल्या. मग तिचा पेपर मी खिडकीशी धरला. आकृतीच्या मधोमध एक आडवी रेष छापलीच गेली नव्हती. केसाएवढी पांढरी फट, पण बारीक आडवी रेष बरोबर त्या फटीत पडली होती. अक्षरांत ती फट कळतही नव्हती. मुलीने जे छापलं होतं तेच पाहून उत्तर दिलं होतं आणि मी तिचे गुण कापले होते. पुढच्या रविवारी सगळ्या मुलांसमोर मी तिला ते सांगितलं आणि तीनही पेपरांचे गुण परत दिले. नऊ-दहा वर्षांचं मूल, बाई चूक म्हणतात म्हणजे आपलंच चुकलं, असं धरून चालतं. याचा त्रास मला अजून होतो.

कंपनीच्या फोनवर उत्तर मिळालं की हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, वॉरंटीत येत नाही, बदलायला जवळजवळ निम्म्या प्रिंटरची किंमत पडेल. वॉरंटी कार्डावर एक वर्ष किंवा ठरावीक पानं, यातलं जे आधी संपेल ते, असं लिहिलंय. हेड वगळल्याचं कुठेही नाही. मी चार वेळा फोन केला, कार्डाचा फोटो पाठवला, तेव्हा अकराव्या दिवशी म्हापशाहून माणूस आला.

त्याच्यामुळे माझं मत बदललं. त्याने विचारलं, प्रिंटर बंद कसा करता? आमच्याकडे पावसात गडगडाट सुरू झाला की मी घरातले सगळे स्विच भिंतीवरच बंद करते. त्यात छापता छापता लाईट जायची ती वेगळीच. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड नक्की जागेवर जाऊन झाकलं जातं. मध्येच वीज तोडली तर ते उघडं राहू शकतं आणि शाई सुकते. चवथीचे बारा दिवस ते तसंच उघडं होतं. त्याने दोनदा खोल सफाई केली, रेषा परत आल्या, पैसे घेतले नाहीत. सारखी सफाई करू नका, असंही बजावलं. त्यात शाई जाते आणि आतला शाई शोषणारा पॅड भरत आला की प्रिंटर छापणंच थांबवतो.

म्हणजे दोष यंत्राचा कमी होता. पण एवढी गोष्ट डब्यावर ठळक मराठीत का लिहीत नाहीत, हा माझा राग कायम आहे.

कागदाचं थोडक्यात. जुलैत कागद ओल धरतो, कडा वळतात आणि दोन पानं एकदम ओढली जातात. एका मुलाला पाचवं पान मिळालंच नव्हतं, तो बिचारा न बोलता बसून राहिला. आता रिम पोह्यांच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवते, लागतील तेवढीच पानं काढते आणि वाटण्याआधी प्रत्येक संच मोजते.

एक फायदा मात्र झेरॉक्सच्या दुकानात मिळाला नसता. आमची मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकली आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात गेली. लसावि म्हटलं की कळतं, तेच इंग्रजीत विचारलं की अडतात. परीक्षा त्यांनी मराठीतून निवडली आहे. म्हणून भाषेचे चार उतारे आणि गणिताचे वीस प्रश्न मी दर आठवड्याला प्रत्येकाच्या चुका पाहून बदलते. कोणाला शेकडेवारी जास्त, कोणाला सरळव्याज. नऊ मुलांचे नऊ वेगळे संच निघतात. उत्तरपत्रिकेचे गोलही छापते आणि ते बॉलपेननेच भरायला लावते, कारण तिथे पेन्सिल चालत नाही.

ज्यांना फक्त मजकूर छापायचा आहे त्यांनी हा प्रिंटर डोळे मिटून घ्यावा. आकृत्या छापणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळी आधी नोझल (हेडमधली शाईची बारीक भोकं) तपासणीचं पान काढावं, त्यातली एकही रेष तुटली असेल तर पेपर छापू नये. मी ते पान तारीख टाकून दाराला लावते. उत्तर गोव्याचं नवोदय वाळपईला, सहावीच्या जागा जास्तीत जास्त 80. परीक्षा डिसेंबरात आहे, माझे दोन पेपर उरलेत. काल रात्री पहिला छापला. 37 ते 40 च्या सगळ्या रेषा नऊही संचांत भिंग लावून पाहिल्या. एका संचात 39 पुसट होता, तो फाडून परत काढला.