मेक्सिकन भुंगे: गायरानासाठी कितपत कामाचे?

गाजर गवतावर सोडायला मिळणारे मेक्सिकन भुंगे, म्हणजे झायगोग्रामा बायकोलोराटा, चराऊ रानासाठी घ्यावेत का? घ्यावेत. मात्र त्याच पावसाळ्यात चारा सुधारेल अशी आशा ठेवू नये.

गाजर गवताच्या पानांत पार्थेनिन हे इतर झाडांची वाढ रोखणारं रसायन असतं, जोडीला फेरुलिक, कॅफिक यांसारखी आम्लं. पावसानं ती पानांवरून धुऊन मातीत उतरतात, आणि झाड कुजतानाही झिरपत राहतात. मारवेल, पवन्या या चाऱ्याच्या गवतांच्या रोपांची मुळं आधी खुंटतात. वरचा शेंडा हिरवाच असतो, त्यामुळे दोष बियाण्यावर जातो. स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याला दुहेरी मार, कारण मुळांवरच्या नत्राच्या गाठीही कमी धरतात. खात्री करायची तर दोन कुंड्या घ्या: एकीत गाजर गवताखालची माती, दुसरीत त्याच रानातली स्वच्छ माती. दोन्हींत एकच बियाणं पेरून आठवड्यानं मुळांची लांबी मोजा.

भुंग्यांचं काम चोख आहे. प्रौढ आणि अळी दोघंही पानं खातात, कोवळे शेंडेही सोडत नाहीत, त्यामुळे फुलोरा घटतो. जुलै-ऑगस्टमध्ये, हेक्टरी ५०० ते १००० भुंगे दाट कोवळ्या पट्ट्यात एकाच ठिकाणी, संध्याकाळी सोडावेत. विखरून सोडले की जोड्या जमत नाहीत. त्या पट्ट्याजवळ कीटकनाशक मारू नका.

उणीव वेळेची. पहिल्या पावसाबरोबर तण उगवतं, भुंग्यांची संख्या मात्र उशिरा वाढते, तोवर पहिली लाट फुललेली असते. म्हणून बाकीच्या रानातलं तण फुलण्याआधी हातमोजे घालून उपटा, नाहीतर अंगावर पुरळ उठेल. उपटलेलं रानातच पसरू नका, खड्ड्यात कुजवा; आच्छादन म्हणून टाकलं तर तेच रसायन पुन्हा मातीत जातं. पार्थेनिन मातीत फार दिवस टिकत नाही, पण कुजणारा पाला असेपर्यंत नवा पुरवठा चालूच राहतो. चाऱ्याचं बी पुढच्या जूनमध्ये पेरलेलं बरं.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडून भुंगे मिळतात. तरी आधी गावाच्या रस्त्याकडेला पाहा. पिवळसर पांढऱ्या पाठीवर काळसर पट्टे दिसले की तेच. सच्छिद्र डब्यात पाल्यासकट फुकट गोळा होतात.

आणि हिवाळ्यात तो पट्टा नांगरू नका, भुंगे तेव्हा मातीतच दडलेले असतात.